निळ्या दोऱ्याची गाठ

खारदांड्यात जन्माला येऊन होडीत ओकणारा माणूस म्हणून चंदू तांडेलची कोळीवाड्यात ख्याती होती. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. आडनाव असं, आणि हा पठ्ठ्या पहिल्याच खेपेला हिरवापिवळा पडला. बापाने होडी वळवून त्याला किनाऱ्यावर आणून सोडला. त्या गोष्टीवर हसणाऱ्या म्हाताऱ्यांचे दात गेले, हसणं काही गेलं नाही. चंदूने ते मनाला लावून घेतलं नाही. त्याला समुद्र नकोच होता, त्याला इंजिन हवं होतं.

त्याचा जोडीदार नंदकिशोर. दोघे एकाच गल्लीतले, एकाच वर्षी दहावीला आपटलेले. होड्यांची डिझेल इंजिनं खोलून दोघांनी हात काळे करून घेतले आणि मग चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा घेतला. नव्या गाड्यांत दोघांनाही रस नव्हता. लॅपटॉप लावायचा आणि तो सांगेल तो पार्ट बदलायचा, याला काय मेकॅनिकी म्हणायचं? त्यांनी जुन्या गाड्या धरल्या. ज्यांचे पार्ट मिळत नाहीत आणि ज्यांचे मालक गाडीबद्दल बोलताना आवाज मऊ करतात, अशा. एकतीस वर्षं हे चाललं. नंदू डावखुरा, चंदू उजवा, त्यामुळे एका गाडीखाली दोघे शेजारी आडवे झाले तरी कोपराला कोपर लागत नसे.

गाळ्यात नियम असा एकच होता आणि तो दोघांनी स्वतःच काढलेला. नंदूची बायको सगुणा मासळी विकून आल्यावर जाळी दुरुस्त करायची. तिच्याकडचा जाळ्याचा निळा नायलॉनचा दोरा गाळ्यात रिळावर असायचा. एखादं काम अर्धवट टाकून उठायचं झालं, नट सापडला नाही, पार्ट यायचा राहिला, की ती जागा निळ्या दोऱ्याने बांधायची आणि तेवढाच दुसरा दोरा स्टिअरिंगला बांधायचा. खाली एक, वर एक. वर निळा दोरा दिसला की त्या गाडीची चावी कोणी फिरवायची नाही, मग साक्षात मालक येऊन उभा राहो. विसर पडू नये म्हणून दोन्ही तुकडे आधीच कापून घ्यायचे. एकतीस वर्षांत हा नियम कधी चुकला नाही, असं दोघेही छाती ठोकून सांगायचे.

चुकला तो दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, मंगळवारी. चुकला की नाही, हेच चंदूला दोन वर्षं जाणून घ्यायचं नव्हतं.

गाडी बोरिवलीच्या मुकुल दाबक्यांची. खरं तर त्यांच्या वडिलांची, भाऊंची. लाल रंगाची, दोन सीटांची विलायती स्पोर्ट्स कार, साठ वर्षांपूर्वीची. एवढी बुटकी की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. तिचा क्लच जड झाला होता. पेडलपासून मागे गिअरबॉक्सपर्यंत जी काड्या आणि पिनांची साखळी जाते, ती झिजली होती. चंदूने ती सगळी उतरवली, साफ केली, पिनांच्या भोकांत नवे पितळी बुश घालून परत चढवली. शेवटची पिन राहिली. पेडलवरून आलेला रॉड आणि क्लचचा फोर्क यांना जोडणारी ती पिन, बोटाच्या पेराएवढी. तिच्या टोकाला भोक असतं आणि त्यात बारीक स्प्लिट पिन घालून तिचे दोन पाय फाकवायचे असतात, म्हणजे मोठी पिन निसटत नाही. त्या मापाची स्प्लिट पिन डब्यात नव्हती. चंदूने भोकातून निळा दोरा ओवून गाठ मारली, नंदूला ओरडून सांगितलं, “मालाडला जाऊन येतो रे,” आणि स्कूटरला किक मारली.

नंदू मागे ग्राइंडरवर होता. त्याने काय ऐकलं देव जाणे.

चंदू मालाडहून परत आला तेव्हा गाळ्यापुढे गर्दी होती. झालं होतं ते असं. नंदूचा मुलगा कृणाल, तीस वर्षांचा, बापाच्याच हाताखाली तयार झालेला मेकॅनिक. नंदूने त्याला गाडी चालू करायला लावली आणि दहा मिनिटं कार्बोरेटर जुळवला. मग शटर खाली येत नाही म्हणून म्हणाला, हातभर पुढे घे. स्वतः भिंतीपाशी उभा राहून हात हलवत राहिला. ये, ये, बस. कृणालने क्लच दाबून गाडी थांबवायला घेतली आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे झेपावली. नंदूच्या पाठीशी भिंत होती. इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत संपलं.

“मी क्लच दाबला होता,” कृणालने पोलिसांना सांगितलं. “माझाच पाय सरकला असेल.”

लिहून घेणाऱ्याने त्यातलं “असेल” गाळलं. वाड्यातल्या लोकांनीही गाळलं. पोराचा पाय सरकला नि बाप गेला. एवढं सोपं वाक्य लोकांना मिळालं की ते कशाला सोडतात? चंदूला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मी नव्हतो, मालाडला गेलो होतो.” शब्दन् शब्द खरा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी त्याने मूठ झाकली. त्या मुठीत मालाडहून आणलेली स्प्लिट पिन होती. ती त्याने टेबलाच्या खणात टाकली, गाडीवर ताडपत्री घातली आणि ताडपत्रीला चारी बाजूंनी दोरी आवळली.

सगुणाने मुलावर हात उचलला नाही, शिवी दिली नाही. ती फक्त त्याच्याशी बोलायची थांबली. त्याचं जेवण वाढून ताट झाकून ठेवायची आणि बाहेर जाळं घेऊन बसायची. कृणालने पाना सोडला, मामाच्या होडीवर जायला लागला, आणि घरी आला की ते झाकलेलं ताट उघडून एकटा जेवायचा. दोन वर्षांत तिने त्याला एकदाही नावाने हाक मारली नव्हती.

चंदूचं मात्र त्या घरात पहिल्यासारखंच चालू राहिलं. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. सगुणा पूर्वी दोन डबे भरायची, नवऱ्याचा आणि चंदूचा. आता एक भरायची. सकाळी खिडकीत ठेवलेला डबा चंदू उचलायचा आणि संध्याकाळी परत द्यायचा. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून कधी दोन केळी, कधी मूठभर शेंगदाणे, काहीच नसलं तर साखर घालून. मग ओट्यावर बसून तिच्या हातचा चहा. त्या वेळी कृणाल घरात शिरताना दिसला की चंदू बशीत बघायचा. त्याला लाज वाटत होती. पण लाजेने घसा कोरडा पडतो आणि चहा बरा लागतो, असं काहीतरी माणसाचं असतं. चंदूला साधू करायचं कारण नाही.

गेल्या महिन्यात मुकुल दाबक्यांचा फोन आला. भाऊ वारले होते. नाशिकच्या कोणा शौकीन माणसाला गाडी द्यायची होती.

“चंदूभाई, क्लचचं तेवढं करून द्या ना. शनिवारी माणूस येतोय न्यायला. मला माहितीय, तुम्हाला त्रास होईल. दुसरीकडे नेऊ का?”

“नको, नको,” चंदू एवढ्या घाईने म्हणाला की त्याचं त्यालाच दचकायला झालं. दुसरा मेकॅनिक गाडीखाली गेला तर? चोराच्या मनात चांदणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ताडपत्री काढली. गाडी जॅकवर उचलली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या आणि टॉर्च घेऊन पाठीवर सरकत आत गेला. एकसष्ट वर्षांची पाठ. जाताना त्याने मनात हिशेब मांडला होता. दोरा शाबूत असला, पिन जागेवर असली, तर कृणालचा पाय सरकला, आपण सुटलो. धक्क्याने दोरा तुटला असला तरी चालेल, तरीही आपण सुटलो. मनुष्य स्वतःला किती तऱ्हेने सोडवून घेतो! दोन वर्षं तो स्वतःला हेही सांगत होता की स्टिअरिंगला दोरा आपण बांधलाच होता, नंदूनेच घाईत सोडला असेल. मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही.

रॉड सुटून लोंबत होता. पिन नव्हती. ती खालच्या पत्र्याच्या खाचेत पडलेली सापडली, अगदी धड, कुठे वाकलेली नाही, तुटलेली नाही. धक्क्याने निघालेली पिन अशी दिसत नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. तिच्या भोकात निळा थेंब थिजला होता. मेणबत्तीच्या मेणासारखा.

टॉर्च त्याने वर फिरवला आणि त्याला कळलं. त्या जागेपासून चार बोटांवरून सायलेन्सरचा पाइप जात होता. थंड गाडीखाली आडवा पडला असताना त्याने त्या पाइपला हातही टेकला होता, पण पाइप तापल्यावर शेजारचा नायलॉन वितळेल हे डोक्यात आलं नव्हतं. डोक्यात कशाला येईल? वर स्टिअरिंगला दोरा बांधला की गाडी चालू होणारच नव्हती. दहा मिनिटं इंजिन चाललं, पाइप तापला, दोरा वितळला, पिन हादऱ्याने गळली. कृणालने क्लच दाबला तेव्हा त्याच्या पायाखाली नुसतं पेडल होतं.

जळक्या दोऱ्याची गाठ फोर्कच्या कडेला चिकटून राहिली होती. ती त्याने नखाने सोडवली आणि हात मागे नेऊन चासीच्या कडेवर टेकवला, उठायला. तिथे काहीतरी लागलं. धुळीने भरलेला, वीतभर लांब, निळा दोऱ्याचा तुकडा. सरळ. कुठे मुरड नाही, गाठीची खूण नाही.

हा दुसरा तुकडा. नियमाप्रमाणे त्याने दोन्ही एकदम कापले होते. पहिला बांधताना दुसरा कडेवर ठेवला आणि तिथेच विसरला.

चंदू गाडीखाली किती वेळ पडून राहिला ते त्याला सांगता आलं नसतं. शेजारच्या गाळ्यात कोणीतरी पत्रा ठोकत होतं. त्याला नंदूची आठवण आली नाही, त्याला कृणाल आठवला, झाकलेलं ताट उघडणारा. पहिल्या होडीत ओकला होता तसाच तो कुशीवर वळून फरशीवर ओकला.

पुढची गोष्ट सांगायला बरी वाटत नाही, पण ती घडली. तोंड धुऊन तो टेबलाशी बसला आणि त्याला सुचलं की जळकी गाठ कोणाची हे कळायला ती नीट राहिलीच कुठे आहे? गाडीवर दोघेही काम करत होते. दोरा नंदूने बांधला म्हटलं तर? पोरगाही सुटेल, आपणही सुटू. नंदूला आता काय फरक पडतो? नंदूची गाठ डाव्या हाताची, उलटी फिरायची, कोळीवाड्यात ती शंभरात ओळखू यायची. चंदूने तो सरळ तुकडा घेतला आणि बोटं उलटी फिरवून नंदूसारखी गाठ मारून बघितली. पहिल्यांदा जमली नाही. दुसऱ्यांदा जमली. टेबलावर नंदूची गाठ पडलेली बघून त्याला स्वतःच्या हातांची एवढी किळस आली की त्याने ती घाईघाईने सोडून टाकली आणि दोरा मांडीवर घासघासून सरळ केला.

मग तो कामाला लागला. हातांना दुसरं काही येत नव्हतं. बुश डिझेलमध्ये धुतले, ग्रीस भरलं, रॉड फोर्कला जुळवला, स्प्रिंग अडकवली, नवी पिन आत सारली. टेबलाच्या खणातून ती दोन वर्षांपूर्वीची स्प्लिट पिन काढली. मापात होती. भोकातून घातली आणि पकडीने तिचे दोन पाय फाकवले. एवढंसं काम, त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. आत बसून पेडल दाबलं तर लोण्यातून सुरी जावी तसा क्लच सुटला. एरवी अशा वेळी त्याने नंदूला हाक मारली असती.

संध्याकाळी त्याने डबा धुतला, पुसला, आणि त्यात जुनी पिन, जळकी गाठ आणि दुसरा दोरा घातला. तोंडाने सांगायची ताकद त्याच्यात नव्हती. डबा तरी रिकामा जायला नको.

सगुणा ओट्यावर जाळं पसरून बसली होती. आत कृणालच्या हालचालीचा आवाज येत होता, होडीवरून नुकताच आलेला. सगुणाने डबा घेतला, सवयीने झाकण उघडलं आणि थांबली.

“काय हाय ह्यो?”

“भाऊंच्या गाडीखाली होतं,” चंदू म्हणाला. “क्लचच्या पिनला दोरा होता, सगुणा. तो वितळला. पिन गळली. कृणालने पाय बरोबर दाबला होता. त्याचा पाय सरकला नाय.”

सगुणाने जळकी गाठ दोन बोटांत धरली आणि उजेडाकडे केली. तिचा जन्म गाठींत गेला होता. चंदूला वाटलं होतं की जळक्या गोळ्यातून काही कळणार नाही, पण तिला बघायला निम्मी गाठही पुरे होती.

“ही तुजी.”

“माझी.”

“आनी वर? स्टेरिंगला?”

“वर बांधायचा विसरलो. हा दुसरा, तसाच खाली राहिला. मला आज कळलं. म्हणजे…” तो अडखळला. “मला भीती होती. दोन वर्षं होती. म्हणून बघितलं नाय.”

सगुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चंदूला क्षणभर असंही वाटलं की ती आता रडेल, आपणही रडू, आणि कसंतरी होऊन जाईल. विसर माणसालाच पडतो, असं ती एखाद्याला म्हणालीही असती. नवऱ्याचा एकतीस वर्षांचा जोडीदार होता तो.

मग तिने दुसरा दोरा उचलला. बोटांतून सावकाश ओढला, जाळ्याचा दोरा तपासतात तसा, आणि मध्यावर तिचं बोट अडलं. नायलॉन एकदा वळला की घासून सरळ होत नाही. तिने अंगठ्याने ती मुरड चाचपली, एकदा, पुन्हा एकदा.

“ह्याला गाठ पडलेली,” ती म्हणाली. “उलटी. त्यांची गाठ. वर बांधलाच नाय म्हनतोस, मंग ही कोनी मारली?”

चंदूला खोटं बोलायला वेळ होता. त्याने तो घेतला नाही, एवढं एक त्याच्या बाजूने म्हणता येईल.

“मी,” तो म्हणाला. “आज. मग सोडली.”

“का मारलीस?”

तिला उत्तर नको होतं. तिला ते केव्हाच कळलं होतं.

“त्यांच्यावर ढकलाला निगालेलास,” ती म्हणाली. “दोन वरसं पोरावर होतं तवा गप बसलास. माज्या हातचं जेवलास. आनी आता मेलेल्यावर.”

“सगुणा, सोडली मी ती गाठ.”

“सोडलीस,” ती म्हणाली.

ती उठली. घरात गेली, आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या चंदूला आतून भांड्यांचा आवाज ऐकू आला. ताट मांडल्याचा, भात काढल्याचा. मग तिचा आवाज आला, घोगरा, या नावासाठी दोन वर्षं न वापरलेला.

“कृणाल. ये बाला, जेवाला बस.”

आत काहीतरी खाली पडलं, तांब्या असावा. मग कृणालचा आवाज आला, तो बोलण्याचा नव्हता. तीस-बत्तीस वर्षांचा बाप्या माणूस लहान मुलासारखा रडत होता आणि सगुणा त्याला काहीतरी सांगत होती, हळू, पुन्हा पुन्हा तेच. “तुजा पाय नाय सरकला,” एवढं चंदूला कळलं.

चंदू ओट्यावरच बसून राहिला. हे ऐकायलाच तर तो आला होता. त्याला बरंही वाटलं, खरोखर बरं वाटलं, आणि चहाच्या वेळी चहा येईल म्हणून नव्हे, पण सवयीने तो थांबला.

थोड्या वेळाने सगुणा दारात आली. तिच्या हातात त्याचा डबा होता, घासलेला, पुसलेला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. आतल्या भिंतीला वर एक फळी होती. तिच्यावर नंदूचा डबा दोन वर्षं पालथा पडलेला होता. सगुणा पाटावर चढली आणि चंदूचा डबा तिने त्याच्या शेजारी पालथा ठेवला.

चंदूने चपला घातल्या आणि तो ओट्यावरून उतरला.